चौकोनी खोडाची अट

खारूला दात यायला लागले तेव्हा घरातल्या सगळ्यांना कौतुक वाटलं, फक्त सूनबाई धास्तावली. दात म्हणजे चावणं, आणि चावणं म्हणजे हाताला लागेल ते. पोरीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते वापरायची वेळच येईना. सोफ्याची कड, बाबांच्या चष्म्याची डबी, रिमोटची बटणं, जे सापडेल ते दोन्ही हातांत धरून कुरतडायची. आजीने तिची खारूताई केली आणि ताई गळून नुसती खारू उरली.

सूनबाई शिकलेली होती. वनस्पतिशास्त्राची पदवी, आणि खारू होईपर्यंत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी. तिथे ती मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली खोडांचे काप दाखवायची. काळजी करणं मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. खारू झोपली की तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचं, जागी झाली की तोंडात काय आहे ते बघायचं. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. तो म्हणायचा, "गिऱ्हाइकांची तुझ्यासारखी नजर असती तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं."

एका दुपारी खारू बाल्कनीतून रांगत आली ती मुठीत एक ठिपक्याठिपक्यांचं पान घेऊन. पान तोंडापर्यंत पोचायच्या आत सूनबाईने झडप घातली. मग पान उलटंसुलटं करून बघितलं आणि ते ओळखलं. ती तडक बाल्कनीत गेली.

बाल्कनी सासूबाईंची होती. म्हणजे घर नवऱ्याचं, स्वयंपाकघर दोघींचं, पण बाल्कनी एकट्या सासूबाईंची. सकाळी उठल्यावर पहिला चहा तिथे, आणि कुणाशी बिनसलं की मुक्कामही तिथेच.

"आई, हे काय आहे?"

"कण्हेर. गुलाबी. किती लाजरी आहे बघ."

"विषारी आहे. आणि हे?"

"क्रोटन. याचे रंग..."

"चीक वाईट. हे लाल?"

"अगं, ते आत्ता कुठे लाल व्हायला लागलंय!"

"त्याचाही चीक. आणि हे ठिपक्यांचं, जे आत्ता तुमच्या नातीच्या मुठीत होतं, ते चावलं की जीभ सुजते. बोलता येत नाही."

सासूबाई कुंड्यांकडे बघतच राहिल्या. "म्हणजे एवढी वर्षं मी काय विषाची शेती केली?"

"केलीत!" सूनबाई म्हणाली.

चार घरी कुंड्या वाटल्या गेल्या. उरलेल्या कोपऱ्यावरचा रोपवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला. सासूबाई त्यावर भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या भांडल्या नाहीत. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जायच्या, रिकाम्या स्टँडसमोर खुर्ची ओढायच्या आणि कुंड्यांच्या बुडाच्या गोल डागांकडे बघत चहा प्यायच्या. मधेच एक उसासा सोडायच्या. तो पार आतल्या खोलीपर्यंत ऐकू येईल असा असायचा.

"आईला बाल्कनीत बसून काय दिसतं गं?" नवऱ्याने विचारलं.

"मी दिसते," सूनबाई म्हणाली. "खलनायिका."

आठवडाभर उसासे ऐकल्यावर तिने जेवताना हात टेकले. "आई, एक कूळ आहे. पुदिन्याचं. त्यातलं जवळपास सगळं कुठे ना कुठे स्वयंपाकात नाहीतर चहात पडतंच. त्यातली झाडं आणा."

सासूबाईंनी घास तसाच धरला. "नुसता पुदिना? बाल्कनीभर?"

"नुसता कसा? फार मोठं गोत आहे. ओळखायला सोपं. खोड चौकोनी असतं. दोन बोटांत धरून फिरवलं की कडा लागतात. पानं समोरासमोर, जोडीजोडीने. चुरलं की वास. आणि फुलाला ओठ. वरचा एक, खालचा एक."

"आणि चौकोनी नसेल तर?"

"तर दारातूनच परत. मी स्वतः तपासणार. आणि चुकून एक जरी विषारी झाड आत आलं, तर तिथे कपड्यांच्या दोऱ्या. कायमच्या."

"मंजूर," सासूबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी भाजी परत मागून घेतली.

पुदिना आला, तो पहिल्या आठवड्यातच कुंडीबाहेर पाय पसरून बसला. मग जाड, लुसलुशीत पानांचा पानओवा आला. मग मरवा, मग सब्जा. तोवर सूनबाईला वाटलं होतं की आता सासूबाईंचा उत्साह मावळेल, कारण सगळं हिरवं आणि सगळं भाजीच्या जुडीसारखं. पण सासूबाई रोपवाल्याच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. त्याच्याकडच्या प्रत्येक रोपाचं खोड त्या दोन बोटांत फिरवून बघायच्या. रोपवाला एकदा लिफ्टमध्ये नवऱ्याला म्हणाला, "साहेब, तुमच्या आई झाड घेत नाहीत, झाडाची नाडी बघतात."

मग कोलियस आला आणि बाल्कनीचं रूपच पालटलं. एकाची पानं मखमली, मरून रंगाची, कडेला पोपटी झालर. दुसऱ्याची आतून गुलाबी, बाहेरून जवळजवळ काळी. तिसऱ्यावर कुणी ब्रश झटकावा तसे शिंतोडे. फुलाची गरजच काय, असं विचारणारी पानं. दारात उभं राहून सूनबाईने खोड फिरवलं. चौकोनी. तिला पटेना. पुन्हा फिरवलं.

"काय गं, नापास?" सासूबाईंनी विचारलं.

"पास," ती म्हणाली. "पण पुदिन्याच्या घरात हे असले कपडे कोण घालतं?"

"असते एखादी. प्रत्येक घरात असते."

रोझमेरी आली तेव्हा तर वादच झाला. सुईसारखी पानं बघून सूनबाईने स्वतःच तिला परत पाठवायला काढलं होतं. पण कोवळ्या शेंड्याला कडा लागल्या. लॅव्हेंडर आली, करड्या अंगाची आणि भारी नखऱ्याची. ती फुलेना, पण बाजूने नुसतं गेलं तरी साडीच्या पदराला दिवसभर वास. मांजराच्या मिशांसारखे लांब पांढरे केसर बाहेर काढणारं एक झाड आलं. आणि एक दीपमाळ आली, उंच, काटक, दांड्याभोवती केशरी फुलांचे गोल चेंडू ओवल्यासारखी. तिचे चेंडू टोचतात म्हणून सूनबाईने खारूला आठ दिवस बाल्कनीत जाऊ दिलं नाही. मग तिने बसून सगळ्या चेंडूंवर जुने मोजे चढवले. समोरच्या इमारतीतून एक बाई गॅलरीत येऊन बघत राहिल्या. सासूबाईंनी त्यांना ओरडून सांगितलं, "थंडी वाजते त्याला!"

खरं म्हणजे सूनबाईच त्या बाल्कनीत हळूहळू गुंतत चालली होती, पण तसं कबूल करायला तिला सवड नव्हती. निळा साल्व्हिया फुलला त्या सकाळी ती खारूला कडेवर घेऊन तिथे उभी होती. एक मधमाशी आली आणि फुलाच्या खालच्या ओठावर बसून आत शिरली. त्याबरोबर वरच्या ओठातून दोन केसर लवले आणि त्यांनी मधमाशीच्या पाठीवर थोपटल्यासारखं करून पराग ठेवला. हे तिने मुलांना फळ्यावर चित्र काढून कितीदा शिकवलं होतं. घडताना मात्र पहिल्यांदाच बघत होती.

"आई! आई, या लवकर! फूल पाठ थोपटतंय!"

सासूबाई कणकेच्या हाताने धावत आल्या. मधमाशी उडून गेली होती. मग सूनबाईने पेन्सिलचं टोक फुलात घालून दाखवलं. केसर लवले. सासूबाईंनी पेन्सिल हिसकावून घेतली आणि त्या दोघींनी मिळून झाडावरच्या एकूण एक फुलाला पाठ थोपटायला लावलं. नवऱ्याला त्या दिवशी पोळ्या करपलेल्या मिळाल्या.

त्याच दिवशी जेवताना तिने बोलता बोलता सांगितलं की सागसुद्धा हल्ली याच कुळात धरतात. म्हणजे ते ज्या सागवानी टेबलावर जेवत होते ते पुदिन्याचं चुलत भावंड. नवऱ्याने टेबलाला वाकून नमस्कार केला. खारू टेबलाखाली बसून त्याचा पाय कुरतडत होती. सूनबाई झडप घालणार तोच सासूबाईंनी तिचा हात धरला. "चावू दे. कुळातलंच आहे."

घरात आता सगळ्यांनाच बोटं फिरवायची खोड लागली होती. खारू दुधाच्या बाटलीची नळी दोन बोटांत धरून फिरवायची, मग आईचं नाक फिरवून बघायची. नवरा दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी अशीच फिरवत बसला होता, तर गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या, दुसऱ्या दुकानात बघतो."

आणि मग ती टांगती कुंडी आली.

सासूबाईंनी ती फिरायला जाताना कुठल्याशा बंगल्याच्या माळ्याकडून मागून आणली होती. नाजूक खरखरीत पानं, खाली लोंबणाऱ्या फांद्या, फूल एकही नाही. सूनबाईच्या एका हातात खारू होती, गॅसवर दूध होतं. तिने दारातच खोड फिरवलं. कडा स्वच्छ लागल्या. पानं जोडीजोडीने. चुरलं तर वास असा, की तिचं नाक मागे गेलं.

"उग्र आहे," ती म्हणाली.

"जहाल बाई असेल कुळातली."

"पास," सूनबाई म्हणाली, आणि दूध उतू जायच्या आत धावली.

चार दिवसांनी सकाळी टांगत्या कुंडीला फूल आलं. सूनबाई नेहमीप्रमाणे ओठ बघायला गेली. जांभळ्या रंगाचा इवल्या इवल्या फुलांचा एक गोल झुबका होता, मधे फिकट. तिने एक फूल तोडून तळहातावर ठेवलं. ओठ नव्हते. दुसरं तोडलं. तिथेही नाहीत. सगळी आपली सरळ पसरलेली, ना वरचा ओठ ना खालचा. मग हा झुबका, हे खरखरीत पान, हा वास, सगळं एकदम जुळलं.

घाणेरी! कुंपणावर केशरी-गुलाबी फुलते त्या घाणेरीची ही पार्लरला जाऊन आलेली बहीण. खोड चौकोनी असतं तिचंही. पानंही जोडीजोडीने. पण कूळ शेजारचं, आणि पोटात गेली तर बाधणारी. हे सगळं तिला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं तिने. चौकोनी खोडं फक्त पुदिन्याच्याच घरात असतात असं तिला कुणीही, कधीही शिकवलं नव्हतं.

तिने कुंडी खाली घेतली आणि एक एक फांदी तपासली. खालच्या फांदीवर एक पान नव्हतं. त्याच्या शेजारचंही नव्हतं. आणि त्या खाली, जमिनीवर, अगदी कुंडीच्या सावलीत, खारू बसून काहीतरी चघळत होती.

पुढचं सगळं फार वेगाने झालं. खारूच्या तोंडात बोट घालून बघितलं तर प्लॅस्टिकचं झाकण निघालं. पण त्याआधी काय गेलं ते कोण सांगणार? खारू सांगण्यासारखी नव्हती. ती किंचाळत झाकण परत मागत होती. सूनबाईने तिला उचललं, कुंडी दुसऱ्या काखेत मारली आणि हाक मारली, "आई! दवाखान्यात चला!"

सासूबाई आतल्या खोलीत आडव्या होत्या. कालपासून अंगात कणकण आहे, ऊन लागलं असेल, असं म्हणत होत्या. त्या भिंतीला धरत बाहेर आल्या, कुंडी बघितली, आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"काय झालं?"

"विषारी आहे हे! खारूने खाल्लंय!"

"खारूने?" सासूबाईंनी आणखी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण सूनबाई जिना उतरायलाही लागली होती.

मुलांच्या डॉक्टरबाईंकडे भिंतीभर ससे रंगवलेले होते. डॉक्टरबाईंनी खारूचे डोळे बघितले, पोट दाबलं, तोंड बघितलं. खारूने त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी दोन बोटांत धरून फिरवली.

"केव्हा खाल्लं?"

"माहीत नाही. दोन पानं गेलीत. ही बघा." सूनबाईने कुंडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी फांदी उचलून धरली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "ही पानं ओढलेली नाहीत. देठापाशी नखाने खुडलीत. नीट. एवढ्या वयाचं मूल असं खुडतं होय? ते ओरबाडतं, सोबत फांदी येते, माती येते."

मग कोपऱ्यातल्या छोट्या, हत्तीच्या आकाराच्या स्टुलावरून सासूबाईंचा बारीक आवाज आला.

"मी खाल्लं."

"काय?" सूनबाई म्हणाली.

"एक कुंडी आली त्या दिवशी. पहिल्या पानाचं काही कळेना, म्हणून काल सकाळी दुसरं खाल्लं."

"का पण?"

"वास आला म्हणून," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीवरचे ससे बघू लागल्या.

डॉक्टरबाईंनी मग सासूबाईंचं पोट तपासलं. कळा येतायत, दोनदा उलटी झाली, हे सगळं तिथे कळलं. त्यांनी सासूबाईंना मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे सलाईन लागलं आणि संध्याकाळपर्यंत त्या इतक्या बऱ्या झाल्या की नर्सला पानओव्याचे फायदे सांगू लागल्या. पण दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरबाईंनी सूनबाईला थांबवलं होतं.

"हे कूळ-बिळ ठीक आहे. पण पुदिन्याच्या कुळातलंही सगळंच पोटात घालण्यासारखं नसतं. लहान मूल असेल तर लोक झाडांची परीक्षा घेत नाहीत."

"मग काय करतात?"

"कुंड्या उंच ठेवतात."

वनस्पतिशास्त्राची पदवी, प्रयोगशाळेतली नोकरी, दारातली तपासणी, दीपमाळेचे मोजे. एवढ्या महिन्यांत हे घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर बाल्कनीत खुडबुड ऐकू आली. सासूबाई, अजून चेहरा उतरलेला, केसांना धड फणी नाही, कुंड्या एकेक करून दारापाशी ओढत होत्या. नवरा मधे हतबल होऊन उभा होता.

"आई, हे काय चाललंय?"

"अट म्हणजे अट," सासूबाई म्हणाल्या. "विषारी झाड आत आलं. दोऱ्या बांध. मी रोपवाल्याला निरोप धाडलाय." आवाज ताठ होता, पण कोलियसची कुंडी उचलताना त्यांनी पानांवरून हात फिरवला तो जरा जास्तच वेळ.

सूनबाई दारात उभी राहिली. रात्रभर तिला झोप लागली नव्हती. एकदा वाटलं, सगळं काढून टाकावं, झंझट नको. मग वाटलं, त्या डागांकडे बघत चहा पिणारी सासू परत रोज कोण बघणार?

"अट काय होती?" तिने विचारलं.

"विषारी झाड आलं तर..."

"त्याच्या आधी. आणायचं काय, ही अट. चौकोनी खोडाचं आणायचं. तुम्ही आणलंत ते चौकोनीच होतं. तुम्ही अट पाळलीत. पास मी केलं."

सासूबाईंनी कुंडी खाली ठेवली. "म्हणजे चुकलं कुणाचं?"

"माझं."

"जरा मोठ्याने बोल. कालपासून कान बसलेत."

"माझं चुकलं, आई!"

"ऐकलंस ना रे?" सासूबाई लेकाला म्हणाल्या. "साक्षीदार आहेस तू."

त्या रविवारी नवऱ्याने भिंतीला फळ्या ठोकल्या, खारूचाच काय, मोठ्यांचाही हात सहज पुरणार नाही इतक्या वर. दोन फळ्या तिरप्या झाल्या. रोज लोकांना सरळ रेषा दाखवणाऱ्या माणसाकडून हे कसं झालं, यावर दोघी बायकांनी त्याला पुरेसं ऐकवलं. सासूबाईंचा हात वर पोचेना, म्हणून पाणी घालायचं काम सूनबाईकडे आलं. ती स्टुलावर चढली. एवढ्या जवळून, डोळ्यांसमोर, तिने ती झाडं कधी बघितलीच नव्हती.

पुदिन्याच्या एका दांडीवर खालचं पान नव्हतं. देठ नखाने खुडलेला. जखम जुनी, वाळलेली. मरव्यालाही तेच. पानओव्याचं जाड पान अर्धं, दाताची खूण सरळ. सब्जा, साल्व्हिया, मांजराच्या मिशा, एकेका कोलियसचं एकेक पान, रोझमेरीचा एक शेंडा. दीपमाळेच्या मोज्याखाली, पार बुडाशी. एकही झाड सुटलेलं नव्हतं.

तिने झारी फळीवर टेकवली. "आई, हे सगळं तुम्ही खाल्लंय?"

सासूबाई खाली उभ्या राहून पुढची कुंडी हातात घेऊन ताटकळत होत्या. रोपवाल्याने कालच दिलेलं नवीन झाड. "खाल्लंय काय? चाखलंय. ज्या दिवशी घरात येईल त्या दिवशी. रात्रभर थांबायचं, पोटात काही झालं नाही तर सकाळी खाली ठेवायचं पोरीसाठी."

"मी तपासत होते ना पण!"

"तू बोटांनी तपासत होतीस. पोरगी काय बोटांनी खाते?"

चिडावं तर या बाईने याच आठवड्यात सलाईन लावून घेतलं होतं. रडावं तर सूनबाई स्टुलावर उभी होती, आणि खाली पडली असती तर खारूवरच पडली असती.

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय, आता कुणी काही खायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि आता कुंड्या वर आहेत."

"हो तर. मी कुठे काही म्हणतेय? घे ही."

सूनबाईने कुंडी घेतली. बारीक पानं, शेंड्याला पांढरी फुलं. तिने फूल डोळ्यांशी नेलं. वरचा ओठ, खालचा ओठ, दोन्ही जागच्या जागी. खोड फिरवलं. पान चुरलं. मग कुंडी फळीवर ठेवता ठेवता तिने खालून एक पान नखाने खुडलं आणि तोंडात टाकलं.

"अगं!" सासूबाई ओरडल्या. "गिळू नकोस!"

तिने तोंड मिटूनच मान हलवली.

"कसं लागतंय?"

"कडू," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. "मग तिखट. आता थंड होतंय."

"जिभेच्या मागे चुरचुरतंय?"

तिने नकार दिला.

"बरं. थुंक आता," सासूबाई म्हणाल्या, आणि स्टुलाशी येऊन त्यांनी आपली ओंजळ वर केली.

सूनबाईने त्या ओंजळीकडे बघितलं, आणि वाकून त्यात थुंकली.